गोटीरामअण्णांची सावड

तृप्तीने किशोरच्या हाताखालचा माऊस अलगद काढून घेतला.

"आधी लोकांचं वाच. दोनशे पत्रं आलीत."

"लोक काय, बोलतातच."

गंगापूर रोडवरच्या दोन खोल्यांत या दोघांनी 'शिवार' हा खेळ उभा केला होता. इंटरनेटवर ज्याने त्याने आपलं शेत करायचं. आठवडाभर पाणी चुकलं की ते वाळून जायचं, कायमचं. पाच हजार शेतं झाली आणि एक गोष्ट किशोरला खुपू लागली. एकेका शेतात चार-चार परके मालकाचा पासवर्ड घेऊन शिरत होते. त्याच्या लेखी ही सरळ लबाडी. म्हणून कालच जाहीर केलेला नवा नियम: परका हात लागलेलं शेत बंद. अशा शेतांची यादी समोर होती, बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं.

इंग्रजी अक्षरांतली मराठी वाचताना तृप्ती जरा अडखळत होती.

"ही निफाडची छाया. लिहिते, 'दादा, ही चोरी नाय, सावड हाय. माझी परीक्षा असली की बाकीचे माझं पाणी देतात, मग मी त्यांचं देते. अण्णांनीच लावून दिलंय हे.'"

"कोण अण्णा?"

तृप्तीने यादी वर सरकवली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. गोटीराम, मखमलाबाद.

किशोरचे वडील. जन्मभर झेंडू आणि कोबी पिकवलेला माणूस, संध्याकाळी एका बोटाने की-बोर्ड बडवत लेकाचा खेळ खेळायचा आणि वर नावं ठेवायचा. "अरे, तुझ्या शिवारात बांधावरून वाटच नाही. शेजारी यायचा कुठून?" किशोर हसून सोडून द्यायचा. श्रावणात अण्णा गेले. तेव्हापासून सात महिने त्याने ते शेत उघडलं नव्हतं. वाळलेलं बघायची छाती होत नव्हती.

आता उघडलं. झेंडू फुलला होता, सगळे वाफे ओले होते. पाणी देणाऱ्यांनी रोजच्या रोज आपली नावं नोंदवलेली: सुरगाण्याचा लखन, इगतपुरीचा बुधा, छाया, पुन्हा लखन. बांधावरच्या पाटीवर छायाने लिहिलं होतं, 'अण्णा, दुखणं आहे म्हणाला होतात. घाई नाय. बरे झाले की फेडा.'

किशोरने चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. पुन्हा पुसला.

"नियमाचं काय करू?" तृप्तीने हळूच विचारलं.

"काढून टाक. आणि बांधावरून वाट ठेवू. उद्याच बसू त्याला."

मग त्याने छायाला लिहिलं, 'अण्णा श्रावणातच गेले. आम्ही कळवायला हवं होतं, चुकलं. त्यांची सावड मी फेडतो. तुझी परीक्षा कधी? – त्यांचा मुलगा, किशोर.'

खेळ त्याचाच होता. कुठलंही शेत तो मागच्या दाराने उघडू शकला असता. पण तो वाट बघत बसला.

शेवटी उत्तर आलं. सुरुवातीला तिचा पासवर्ड होता. खाली लिहिलं होतं, 'सोमवारपासून. कोबीला पाणी बेताने द्या दादा. जास्त झालं की अण्णा रागवायचे.'