उसनं बोट

मी ग्लुकोमीटर बोलतोय. तळहातावर मावेन एवढा माझा जीव. थेंबभर रक्त चाखायचं आणि त्यातली साखर सांगायची, एवढंच काम. पण माणसांची बोलणी ऐकून मी पार थकलोय.

ऑकलंडच्या दुकानातून आनासेइनीनं मला घेतलं आणि टोंगाला, लिफुका बेटावर, बापाकडे, म्हणजे फेलेतीकडे, धाडलं. त्याला डॉक्टर म्हणाले होते, "मधुमेह अजून उंबरठ्यावर आहे. खाणं सांभाळलंत तर मागे फिरेल." घरात शिरल्या दिवसापासून फेलेती मला पोलीसच समजायचा.

कसाव्याचे कंद अर्धे, चहा बिनसाखरेचा, पाला आणि उकडलेला मासा भरपूर, असं लेकीनं बजावलं होतं. दर सोमवारी सकाळी ती फोनवर आकडा बघायची. सोमवार ते शनिवार फेलेती शहाण्यासारखा जेवायचा आणि रविवारी चर्चच्या जेवणात सगळं वसूल करायचा.

अशाच एका रविवारी त्यानं डुकराचं मटण आणि गोड उंडे नेहमीपेक्षा जास्तच हाणले. सोमवारी उठला तो घाबराघुबरा. तोकिलुपे, त्याची बायको, चुलीपाशी होती.

"अगं, तुझं बोट दे जरा."

"माझं? कशाला?"

"लेक ओरडेल गं. तुला कुठे काय धाड भरलीय? चिमणीएवढं खातेस."

"खाताना लाज नाही वाटली, आता माझं रक्त हवंय होय!" असं म्हणत तिनं बोट पुढे केलं. वाद घालायलाही तिला कंटाळा आला होता.

मी चाखलं आणि आकडा दाखवला. फेलेतीचा जास्तीत जास्त जेवढा येई, त्याहून हा मोठा होता.

"बिघडलंय हे डबडं," फेलेती हसला. त्यानं तिचे हात धुवायला लावले, पुसले, पुन्हा सुई टोचली. तोच आकडा. मग त्याचं हसू मावळलं.

"सकाळपासून काही खाल्लंस?"

"नाही हो. रात्री तुम्हा सगळ्यांच्या ताटातलं उरलेलं खाल्लं, तेवढंच. टाकवत नाही. आणि दिवसभर गोड चहा लागतो, नाहीतर हातपाय चालत नाहीत. वय झालं, दुसरं काय?"

ती चिमणीएवढं खात नव्हती. ती उभ्यानं खायची, म्हणून कुणाला दिसत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. फेलेतीनं मला लेकीसमोर धरलं. खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाला, "हा माझा नाही. तुझ्या आईचा आहे."

तोकिलुपे पातेलं घासता घासता रडू लागली. तिच्या थोरल्या बहिणीचा पाय याच आजारामुळे कापावा लागला होता. "मला सांगू नका रे काही," ती म्हणाली. "दोघांचं पथ्य मीच रांधायचं ना? दमले मी."

फेलेतीनं तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं.

पुढच्या रविवारी चर्चच्या जेवणात वाढणारीनं तोकिलुपेच्या ताटात कसाव्याचा ढीग घातला. नको म्हणणं म्हणजे अपमान. फेलेतीनं ते ताट उचलून बाजूला ठेवलं. "हिला मासा आणि पाला वाढा. बसून जेवू दे. रागवायचं तर माझ्यावर रागवा." दोन बायका रुसल्या. एकीनं हळूच स्वतःचा कसावाही कमी केला.

आकडे उतरले, पण सरळ नाही. नात्यात कुणी वारलं, लग्न निघालं की चढायचे. मग पुन्हा पाला, पुन्हा समुद्रकाठी चालणं, पुन्हा सुई. बरं राहण्याचं कामही थकवतं, हे मी या घरात पाहिलं.

आता माझा पडदा अंधुक झालाय आणि रक्ताचा थेंब घ्यायच्या, माझ्या मापाच्या पट्ट्या मिळेनाशा झाल्यात. नवं यंत्र पुढच्या बोटीनं येईल म्हणतात. आज सकाळी डबीत एकच पट्टी उरली होती.

"तुझी साखर बघ," फेलेती म्हणाला.

"तुमची बघा. काल कुणी पाव खाल्ला?"

"तू चक्कर येते म्हणालीस ना?"

माणसांनो, माझ्या आकड्यावर रागावू नका, तेवढं मागणं आहे. मी कुणाला शिक्षा केली नाही. आज दोघांपैकी कुणाचीच तपासणी अजून झालेली नाही. चहा गार होतोय आणि दोघांचीही बोटं एकमेकांना ढकलत माझ्यासमोर आहेत.