बशीतलं तीर्थ

मित्रांनो, मी एक जुना झिओलाइट आहे, जुन्नरकडच्या एका कॉलेजात बाटलीत बसलेला चमचाभर पांढरा खडा. माझे भाऊबंद जवळच्या मढ गावच्या काळ्या खडकात आपसूक घडतात. मला मात्र २००४ साली साक्षी नावाच्या विद्यार्थिनीनं प्रयोगशाळेत घडवलं.

माझ्या अंगात डोळ्यांना न दिसणारी भोकं आहेत आणि त्यांत आम्ल आहे. टोल्युइन नावाच्या तेलाची वाफ तापल्या नळीत माझ्यात शिरते आणि बेंझिन, झायलीन होऊन बाहेर पडते. किती उष्णतेला हे किती वेगानं घडतं, ते मोजणं हा साक्षीचा एम.एस्सी.चा प्रकल्प. महाळुंगे पडवळच्या खंडू-बनाबाईची ही लेक. माझा वेग असा झकास, की तिचे मार्गदर्शक संपत सर येईल त्या पाहुण्याला मला दाखवायचे.

मग खंडेनवमी आली. सरांनी नळी तापवायच्या भट्टीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पाणी सगळीकडे शिंपडलं. मी उघड्या बशीत होतो. चिंब झालो. साक्षी बौद्ध घरातली. ती हात न जोडता बाजूला उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मला वाळवून नळीत भरलं, तर माझा वेगच मेला. काजळी धरली असेल म्हणून तिनं गरम हवा सोडून मला जाळून साफ केलं. तरी मी ढिम्म.

सर भडकले. "सगळ्यांनी हात जोडले, तू खांबासारखी उभी! आता भोग. असल्या आकड्यांवर मी सही करणार नाही."

"सर, त्या खड्याला काय कळतंय राव, कोण हात जोडतंय?" शिपाई भिमाजी म्हणाला.

"भिमाजी, तू गप!"

शिकलेल्या माणसाचं हे बोलणं! मला तोंड असतं तर तिथंच सुनावलं असतं.

सर गेल्यावर साक्षीनं विचारलं, "भिमाजीभाऊ, भट्टी तीच, तेल तेच. मग बदललं काय?"

"बशीत नारळाचं पाणी साचलं व्हतं की. मी वतून टाकणार, तर सर म्हनले, राहू दे, तीर्थ हाये."

साक्षीला उलगडा झाला. नारळपाण्यात पोटॅशियम लई. त्यानं माझ्या आम्लाची जागा बळकावली होती.

"भाऊ, मग तीर्थ धुवावं लागणार," ती म्हणाली आणि हसली.

तिनं मला नवसागराच्या गरम पाण्यात घोळवलं, धुतलं, हळूहळू तापवलं. नवसागरानं पोटॅशियम हुसकावलं होतंच; आता त्यातला नाकाला झोंबणारा अमोनिया उडाला, आम्ल परतलं आणि माझा वेगही. सरांनी सही केली. चुकलो म्हणाले नाहीत. पुढच्या खंडेनवमीला नारळ दाराबाहेर फुटला, एवढंच.

तेव्हा मित्रांनो, मला जपायचं तर माझ्यावर झाकण ठेवा. आणि कधी माझा वेग पडला, तर आधी माझ्या बशीत काय पडलं ते बघा. पोरीचे हात जोडलेले होते का, ते बघू नका.