पाटीवरचे दीड तास

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या कुगाक गावात, धावपट्टीवरच्या शेडला चार खिळ्यांनी ठोकलेली. माझ्या अंगावर लाल रंगात लिहिले आहे, 'नुवुक, ३९० किलोमीटर, विमानाने दीड तास.' अक्षर कसे मोत्यासारखे आहे. पण हेच अक्षर एका माणसाला फार महागात पडले.

आमच्याकडे झाडे नाहीत. वर्षातून एकदा जहाज येते, त्यातून आलेल्या शेगडीच्या लाकडी खोक्याचे मी झाकण. धावपट्टी सांभाळणाऱ्या जोआनासीने मला घासूनपुसून रंगवले, तेव्हा सगळे गाव बघायला लोटले. तोवर इथे अंतर झोपांवर मोजत. कुत्र्यांच्या गाडीने जाताना वाटेत किती वेळा झोपावे लागते, तेवढ्या झोपा. नुवुक चार झोपांवर होते.

"दीड तास? एक डुलकीसुद्धा व्हायची नाही!" म्हातारा नातार म्हणाला. "आता कुत्र्यांना नुसतं बसवून खाऊ घाला."

"बसून खाणारा घरात एक आहे तेवढा पुरे," त्याची बायको उलुरियाक म्हणाली. लोक पोट धरून हसले. मला तर केवढा अभिमान वाटला!

मग एका एप्रिलमध्ये उलुरियाकच्या छातीत पाणी झाले. तिला नुवुकच्या दवाखान्यात न्यायचे ठरले. विमानात दुसऱ्या कुणाला जागा नव्हती. चढताना तिने नातारची बाही धरली.

"येशील ना रे?"

त्याने माझ्याकडे बोट दाखवले. "दीड तासाचं तर अंतर, म्हातारे. हाक मार, आलोच."

तिसऱ्या दिवशी तिचा निरोप आला, लवकर ये. नातार नवे बूट घालून माझ्याखाली येऊन बसला. पण धुके दाटले होते.

"काका, विमानाचं काही खरं नाही," जोआनासी म्हणाला. "समुद्रावरचा बर्फ अजून पक्का आहे. कुत्री जुंपा."

"आणि मी वाटेत असताना विमान डोक्यावरून गेलं म्हणजे? उद्या उघडेल बघ."

धुक्यातही बर्फावर वाऱ्याने उमटलेल्या वळ्या पायाने चाचपून वाट काढणारा हा माणूस! चार झोपांत तो पोहोचला असता. मला ओरडावेसे वाटत होते, पण पाटीला लिहिलेलेच तेवढे बोलता येते. तो रोज येई, मला वाची आणि बसून राही. असा वाट बघत बसल्याच्या सहाव्या दिवशी उलुरियाक गेल्याची बातमी आली. सातव्या दिवशी आभाळ उघडले आणि विमान आले. दीड तासात आले.

नातारने मला शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

त्या शरदात त्याच्या लेकीला नुवुकच्या दवाखान्यात मुलगी झाली. तिचे नाव उलुरियाक ठेवले. आमच्यात गेलेल्याचे नाव ज्याला मिळते, त्याला त्याच नात्याने हाक मारतात. विमानातून उतरवलेले ते गाठोडे नातारने माझ्याखालीच हातात घेतले.

"आलीस, म्हातारे?" तो म्हणाला. "मीच यायला हवं होतं गं. मी ही पाटी वाचत बसलो."

पोरीने त्याची बाही घट्ट धरली. नातार ढसाढसा रडला. मग त्याने सुरी काढली आणि माझ्या सुरेख अक्षरांखाली खरवडले, 'चार झोपा.'

मित्रांनो, माझा लाल रंग आता उडत चालला आहे. पुन्हा रंगवू नका. मात्र ते खरवडलेले दोन शब्द वाचत जा. आपले माणूस हाक मारते तेव्हा माझ्यासारख्या पाटीखाली बसून राहू नका. निघा.