दहा वेळा लिहून पाठव

देवासात माझ्या मराठीला सगळे भीत. मी शाळेत व्याकरण शिकवीत असे आणि शाळा सुटली तरी ते बंद करीत नसे. कोणी ‘माझी पुस्तक’ म्हणाला की भर बाजारात त्याला थांबवून ‘माझे पुस्तक’ असे म्हणवून घेतल्याशिवाय मी पुढे जाऊ देत नसे. तीन-चार पिढ्या माळव्यात काढलेल्या आमच्या मराठी घरांतून अर्धी हिंदी, पाव माळवी आणि उरली तर मराठी, अशी खिचडी चाले. तिचा मला मनापासून तिटकारा होता. मला पाहून लोक रस्ता बदलत. मला वाटे, ते आदराने बदलतात.

सरला ही माझी एकुलती मुलगी. आमच्यात तेव्हा मुलींना शाळेत धाडीत नसत, म्हणून मी तिला घरीच शिकवली. आठव्या वर्षी ती विभक्तीचे प्रत्यय घडाघडा म्हणे. घरात सगळे मला भाऊ म्हणत, तीही म्हणे. एकदा पाटी घेऊन आली आणि म्हणाली, “भाऊ, आज मला शिक्षा नाही दिलीत.”

शेजारच्या माळवी पोरींकडून उचललेला शब्द होता तो. मी तिला कोपऱ्यात उभी केली.

“ही शिक्षा,” मी म्हणालो. “शिक्षा म्हणजे दंड. आणि तू मागत होतीस ते शिक्षण. कळला फरक?”

तिला कळला. कोपऱ्यात उभी राहून ती खुदुखुदु हसत होती.

तेराव्या वर्षी धारच्या बळवंतरावांच्या मुलाशी तिचे लग्न ठरले. बळवंतराव दरबारात मोठ्या हुद्द्यावर. मुलगा इंदुरास शिकत होता. मुलगी पाहायला आले तेव्हा बळवंतराव मला म्हणाले, “मास्तर, आपण लडकीला घरीच शिक्षा दिली, हे फार अच्छं केलं.”

मान खाली घालून बसलेल्या सरलेने डोळे तेवढे वर केले आणि माझ्याकडे पाहिले. मला हसू आवरेना. मी खोकल्याचे सोंग केले, तिने पदर तोंडाला लावला. पाहुणे गेल्यावर माझी बायको उमा विचारीत राहिली, “झालं काय तुम्हां बापलेकींना?” आम्ही सांगितले नाही. लिहितावाचता न येणाऱ्या बाईला ही गंमत काय समजणार, असे मला वाटले. हेही आज लिहून ठेवतो.

सरला सासरी गेली. बळवंतरावांच्या घरी येणारे-जाणारे प्रत्येक टपालाचे कार्ड आधी ते स्वतः वाचत. हे मला ठाऊक होते आणि त्यात मला काही वावगे वाटले नव्हते.

सहा महिन्यांनी एडवर्ड बादशहाच्या छापाचे एक कार्ड आले. अक्षर नेहमीसारखे, मोत्याचे. “तीर्थरूप भाऊंचे चरणी बालके सरलेचे कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. येथे सर्व क्षेम. मला येथे रोज शिक्षा मिळते. सासूबाई जातीने देतात. एकही दिवस चुकत नाही. आईस हे जसेच्या तसे वाचून दाखवावे.”

उमा हात पुसत स्वयंपाकघरातून आली. “काय लिहिते हो?”

मला राग आला होता. सहा महिन्यांत पोरीने भाषा बिघडवली, सासरची बोली उचलली, हा तो राग. जसेच्या तसे चुकीचे वाक्य माझ्या तोंडून निघणे शक्यच नव्हते. मी ते सुधारून वाचले: “मला येथे रोज शिक्षण मिळते. सासूबाई जातीने देतात.”

“विहीणबाई स्वतः शिकवतात?” उमा म्हणाली. तिला आश्चर्य वाटले, पण ती सुखावली. देवापुढे साखर ठेवून आली.

मी त्याच दिवशी लाल शाईने उत्तर लिहिले. ते मला अक्षरन् अक्षर पाठ आहे. “मजकूर वाचून आनंद झाला. परंतु शिक्षा हा शब्द चुकला. हिंदीत काही म्हणोत, मराठीत शिक्षा म्हणजे दंड. शिक्षण असे लिहावयास हवे होते. वाक्य शुद्ध करून दहा वेळा लिहून पाठव.” कार्ड पेटीत टाकताना मला फार बरे वाटले.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. नमस्कार नाही, क्षेम नाही. एकाखाली एक दहा ओळी: मला येथे रोज शिक्षण मिळते. मला येथे रोज शिक्षण मिळते. पोरीने ऐकले म्हणून मी खूश झालो. अक्षर मात्र गचाळ होते, त्याबद्दल पुढच्या पत्रात लिहायचे ठरवले. कार्ड उमेला दाखवून मी म्हणालो, “बघ, आता शुद्ध लिहिलंय.”

उमेने कार्ड हातात घेतले. तिला वाचता येत नव्हते, पण सरलेला पाटीवर गिरवताना तिने वर्षानुवर्षे पाहिले होते.

“हे तिने डाव्या हाताने लिहिलंय,” ती म्हणाली.

“काहीतरीच काय!”

“ओळी बघा कशा उलट्या कलल्यात. उजव्या हाताला काय झालं तिच्या?” मग ती माझ्याकडे रोखून पाहू लागली. “पहिलं कार्ड आणा. जसं लिहिलंय तसं वाचा. तुमचं काही घालू नका.”

मी कार्ड आणले आणि वाचले. मला येथे रोज शिक्षा मिळते. सासूबाई जातीने देतात. एकही दिवस चुकत नाही.

उमेने कार्ड माझ्या हातून काढून घेतले. तिला काही समजावून सांगावे लागले नाही. चार इयत्ता न शिकलेल्या बाईला जे एका ऐकण्यात कळले, ते मला महिनाभर कळले नव्हते.

आणि मग बाकीचेही माझ्या डोक्यात शिरले. सरलेने मुद्दाम तो शब्द घातला होता. बळवंतराव कार्ड वाचणार, शिक्षा म्हणजे पढाई समजणार आणि खुशाल जाऊ देणार. देवासात मात्र एक माणूस आहे, तो हा शब्द नीट वाचील, असा तिचा भरवसा होता. कोपऱ्यात उभी करून मीच तिला तो शिकवला होता. आणि मी काय केले? लाल शाईने त्याचा अर्थ बळवंतरावांना कळवला.

मी दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. इंदुरापर्यंत टांगा, तेथून धारेस दुसरा. टांगेवाला मोडक्या मराठीत काहीबाही बोलत होता. मी एकही चूक काढली नाही.

बळवंतरावांनी मला बैठकीत बसवले, पान पुढे केले. “मास्तर, आम्ही तर शिक्षा म्हणजे पढाई समजत होतो,” ते हसून म्हणाले. “आपलं कार्ड पढलं तेव्हा अर्थ लागला. बहू मोठी चतुर निघाली! मग घरात जरा बोलाचाली झाली. चुल्ह्यापाशी हात भाजला तिचा. होतं असं.”

ते असे म्हणाले आणि मी ऐकून घेतले. ओरडायला तोंड कुठे होते मला? मी हात जोडले. आयुष्यात प्रथमच कुणापुढे जोडले असतील. म्हणालो, तिची आई आजारी आहे, मुलीला नेतो.

“न्या. आणि परत भेजायची जल्दी करू नका,” ते म्हणाले. “इतकी शिकलेली बहू आम्हाला झेपत नाही.”

सरला बाहेर आली. उजवा हात मनगटापर्यंत फडक्यात बांधलेला, फडक्यावर हळदीचे डाग. ती वाळली होती. तिने डाव्या हाताने मला नमस्कार केला आणि टांग्यात बसली.

धार मागे पडली. क्षमा मागायला माझ्याजवळ शब्द नव्हते, आणि शब्दांवर तर मी आयुष्यभर पोट भरले होते. शेवटी तीच माझ्याकडे वळली.

“भाऊ, शिक्षा म्हणजे दंडच ना?”

“दंडच.”

“तुमचं कार्ड आलं तेव्हा वाटलं, मीच विसरले. तुम्ही कसे चुकाल?”

“तुझं वाक्य शुद्ध होतं, सरले,” मी कसेबसे म्हणालो.

तिने मान हलवली. भाजलेला हात मांडीवर नीट ठेवला. म्हणाली, “मग दहा वेळा का लिहायला लावलंत?”

तिने हे रागाने विचारले नव्हते. लहानपणी एखादा नियम समजला नाही की ती असेच विचारी आणि मी सांगेपर्यंत माझ्या तोंडाकडे पाहत राही. आताही ती तशीच पाहत होती.