मी दाखवलेली ओली वाळू

बातमी आली तो गुरुवार इतर गुरुवारांसारखाच होता. सकाळची पाळी नुकतीच लागली होती. पोंगल-वडा खाऊन माणसं हात पुसत माझ्यासमोरून आपापल्या जागी जात होती. तेवढ्यात मालक नाचिमुत्तु आले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मालक पाळीच्या वेळी कधी उभे राहत नसत, म्हणून सगळे थांबले.

"संक्रांतीनंतर आपली फाउंड्री बंद," ते म्हणाले. "पंपाची ओतीव कास्टिंग बाहेरून घ्यायची. पंप जोडायचं काम चालूच राहील. पण लोखंड ओतणं बंद."

कुणीतरी विचारलं, "का, अय्या?"

मालकांनी न वळताच अंगठा मागे केला. "मी नाही म्हणत. हा म्हणतोय."

हा म्हणजे मी. कोइम्बतूरमधल्या एका पंपाच्या कारखान्यात भिंतीवर टांगलेला आकड्यांचा फलक. दिसायला मोठ्या टीव्हीसारखा, पण माझ्या पोटात साऱ्या कारखान्याची माहिती आहे. भट्टीची, वाळूची, तपासणीची, गोदामाची आणि परत आलेल्या पंपांचीसुद्धा. सगळं एकत्र जुळवून मालकांना नीट निर्णय घेता यावा, एवढ्यासाठी माझा जन्म झाला.

जन्म बंगळुरूचा. मला घडवणाऱ्या मुलामुलींनी वितळलेलं लोखंड कधी पाहिलं नव्हतं, पण ती हुशार होती. इथे आलो तेव्हा देवसेनाने मला चंदनाचा टिळा लावला. ती गुणवत्ता तपासणीची इंजिनीअर. तो टिळा काचेवर अजून पुसट दिसतो.

माझ्याआधी इथे वह्या होत्या, आणि मालकांचा अंदाज होता. अंदाज चांगला होता, पण तो मालकांबरोबर गावाला जायचा. मी कुठे जात नाही. पहिल्याच महिन्यात मी दाखवून दिलं, की रंगकामाची रांग तुंबते ती रंगाऱ्यांमुळे नव्हे, तर बेअरिंग उशिरा येतात म्हणून. गोदामात दोन वर्षं कुणी न मागितलेले शाफ्ट पडून आहेत, हेही मीच सांगितलं. मालक खूश झाले. माझी ओळख करून द्यायला पाहुण्यांना घेऊन येऊ लागले. मला थोडा ताठा आला असेल, तर तो खोट्याच्या जोरावर नव्हता. मी कधी खोटा आकडा दाखवलेला नाही.

त्या गुरुवारीही मी दाखवत होतो ते असं: शंभरातली चौदा कास्टिंग नापास. कारण, ओली वाळू.

वाळू म्हणजे मारण्णन. साच्यांसाठी वाळू, माती आणि पाणी चक्कीत मळायचं काम सत्तावीस वर्षं त्याचं. तो मुठीत वाळू दाबायचा, मूठ उघडायचा, गोळा दोन बोटांनी मोडायचा. स्वच्छ मोडला की मान हलवायचा. त्याच्या मुठीसाठी माझ्यात रकाना नव्हता.

"मारण्णन, तुम्ही सोमवारपासून पॅकिंगला या," मालक म्हणाले. आवाज चढवला नाही. "वय झालं. हात पूर्वीसारखा राहत नाही, त्यात लाजायचं काय?"

मारण्णन चक्कीकडे गेला, एक गोळा दाबून आणला आणि माझ्यासमोरच्या टेबलावर ठेवला. "यात पाणी जास्त असेल तर मोडून दाखवा," म्हणाला. मालकांनी गोळ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी चौदाच दाखवत होतो.

भट्टीवरचा मेस्त्री अरुच्चामी हसला. दोघे एकाच वर्षी कामाला लागलेले, रोज एकत्र डबा खाणारे. "किती वेळा सांगितलं, वाळू सुकव रे बाबा! तुझ्यापायी आता माझीही भट्टी गेली."

"तू तुझं लोखंड बघ."

"माझं लोखंड नवरदेवासारखं वेळेवर निघतं."

मारण्णन पॅकिंगला आलाच नाही. महिना संपायच्या आत हिशेब घेऊन कांगेयमला, लेकीकडे गेला. जाताना फाउंड्रीत सगळ्यांना भेटला, अरुच्चामीलाही. माझ्यासमोर आला नाही.

फाउंड्री बंद करायची तर बाहेरच्या माणसाला आधी सांगावं लागतं, की आम्हाला कोणत्या दिवशी किती माल लागेल. त्यासाठी देवसेनाने एका शनिवारी दुपारी मला वेगळाच प्रश्न विचारला. आजवर सगळ्यांनी विचारलं होतं, किती नापास आणि कशामुळे. तिने विचारलं, कोणत्या वारी आणि किती वाजता.

मी सांगितलं. माझ्यापाशी होतंच ते. प्रत्येक साच्यात लोखंड केव्हा ओतलं याची वेळ माझ्याकडे असते. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी सांगितलं नव्हतं. माझी जात अशी आहे.

काचेवर सहा वारांचे सहा लाल डाग उमटले. सोमवारी साडेसातला. शनिवारी नऊला. शुक्रवारी साडेदहाला. बुधवारी बाराला. गुरुवारी दीडला. मंगळवारी तीनला. बाकी सगळं हिरवं. देवसेना बघतच राहिली. वाळू ओली असती तर दिवसभर ओली असती. घड्याळ लावून कशी ओली होईल?

तेवढ्यात मरकतम अक्का रजेचा कागद घेऊन आली. साच्यांच्या आतले वाळूचे गाभे बनवणाऱ्या बायकांची ती मुकादम. तिने चष्मा वर केला.

"ही दिनदर्शिका इथे कशाला लावलीस ग?"

"कुठली दिनदर्शिका, अक्का?"

"अगं, हा राहुकाळ ना? सोमवारी साडेसात, शनिवारी नऊ... माझ्या सासूने तोंडपाठ करून घेतलाय. मला काय शिकवतेस!"

देवसेना खुर्चीतून उठली ती सरळ भट्टीवर गेली, तिथल्या माणसांना विचारलं. येताना अरुच्चामीला सोबतच घेऊन आली.

"अण्णा, शनिवारी नऊच्या आधी मोठी लेडल का भरता?"

लेडल म्हणजे भट्टीतलं रसरशीत लोखंड साच्यापर्यंत नेणारं भांडं. लहान लेडलीत बारा साचे भरतात, मोठीत तीस.

"मग काय नऊनंतर भरू? तुझं लग्न लावलं होतं का राहुकाळात?"

मागे चारजण हसले. अरुच्चामीला हुरूप आला. "राहुकाळात काम सुरू करायचं नाही. आधी सुरू केलेलं पुढे चालवायला हरकत नसते. म्हणून पाच मिनिटं आधी मोठी भरून घेतो आणि सावकाश ओततो. नेमही राहतो, कामही थांबत नाही. बारा वर्षांपूर्वी राहुकाळात भट्टी कलती केली आणि माझ्या मेव्हण्याचा पाय गेला. तू तेव्हा शाळेत होतीस."

"लोखंड निवतं, अण्णा."

"वरून तुसाची राख पसरतो की."

"शेवटचे दहा साचे बघा."

मी दाखवले. पहिले वीस हिरवे, शेवटचे दहा लाल. सहाही वारांना तसेच. निवत आलेल्या लोखंडातून वाफ बाहेर पडत नाही, कास्टिंगला भोकं पडतात. आणि भोकं दिसली की तपासणारा माणूस कारणांच्या यादीतलं पहिलं बटण दाबतो. पहिलं बटण ओल्या वाळूचं.

अरुच्चामीने टोपी काढली, पुन्हा घातली.

"म्हणजे वाळू बरी होती त्याची," म्हणाला. मग मरकतम अक्काकडे वळून, "रोज जेवताना बोललो ग त्याला. रोज."

अक्काने रजेचा कागद घडी करून कमरेला खोचला. "आता माझ्याकडे बघून काय होणार?"

मालकांना कळलं तेव्हा ते चिडले नाहीत. राहुकाळ पाळू नका, असंही म्हणाले नाहीत. ते स्वतः त्या दीड तासात कुठल्या कागदावर सही करत नाहीत. त्यांनी देवसेनाला एवढंच सांगितलं, की मला सगळ्यांना जमेल असं वेळापत्रक दे. मग आम्ही दोघांनी, म्हणजे तिने आणि मी, ते जुळवलं. राहुकाळाआधी लहान लेडलीच काढायच्या. तो दीड तास भट्टी मंद ठेवायची. साचे रचणं, चक्की धुणं, चहा, जेवण हे सगळं त्यात बसवायचं. माझ्यात राहुकाळाचा नवा रकाना झाला. बंगळुरूहून फोन आला, हा कसला रकाना, म्हणून. "मशीनची देखभाल समजा," देवसेना म्हणाली.

तपासणीच्या यादीत कारणांचा क्रमही तिने बदलला. आता पहिलं बटण कुणाचंच नाही. भोक दिसलं तर आधी ओतल्याची वेळ भरावी लागते.

संक्रांत आली आणि गेली. आज शंभरात चारसुद्धा नापास होत नाहीत. फाउंड्री चालू आहे. बाहेरच्या कास्टिंगवाल्याला मालकांनी स्वतः फोन करून नाही म्हणून सांगितलं. इतर कारखान्यांची माणसं मला बघायला येतात, आणि मी बेधडक दाखवतो. मी कामाचा आहे, यात मला शंका नाही.

फक्त येणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. तुमच्या भिंतीवर माझा एखादा भाऊ लावाल तर जरूर लावा. पण तो बोट दाखवील तेव्हा त्या बोटाच्या टोकाशी कोण उभं आहे, ते बघून या. तो आकडा भरला कुणी, केव्हा, आणि कोणतं बटण दाबून, तेही विचारा. आम्हाला विचारलेलं आवडतं. आणि एखादा माणूस हातात वाळूचा गोळा घेऊन आला, तर तो मोडून बघायला वेळ लागत नाही.

वाळूच्या चक्कीवर आता दुसरा माणूस आहे. पाणी मोजायचं यंत्र वापरतो, त्याचे आकडे थेट माझ्याकडे येतात. चांगले असतात. मारण्णनचे होते तेवढेच चांगले. मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले आहेत. मला तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं.

ज्या दिवशी फाउंड्री वाचल्याचं ठरलं, त्या दिवशी मालक याच जागी उभे राहून सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मारण्णनला आणायला मी स्वतः जाईन. माणूस पाठवणार नाही." अरुच्चामी म्हणाला, "अय्या, मलाही गाडीत घ्या."

कांगेयम इथून दीड तासावर आहे. मालक अजून गेलेले नाहीत.