बांगडीची सही

लिहिता न येणाऱ्या कुणब्याची सही म्हणजे नांगर आणि बाईची सही म्हणजे बांगडी, अशी बेडसे गावात पूर्वापार चाल. नाव दुसऱ्याने लिहायचे, पुढे एक वाटोळे काढायचे, झाली सही. म्हणून वासंतीबाईंनी अर्जावर लिहून दिलेल्या नावांपुढे अंबूबाईने बेचाळीस बांगड्या काढल्या, त्यात तिला काही वावगे वाटले नाही. बायको जिवंत असताना नवऱ्याने दुसरी करू नये, असा कायदा त्या अर्जात मागितला होता. कायद्यातले बाकीचे तिला कळत नव्हते. मुलगा हवा म्हणून रखमाजीने, तिच्या नवऱ्याने, उंबरे गावची पोर पाहून ठेवली होती आणि वैशाखात हळद लागणार होती, हे मात्र चांगले कळत होते.

लोणावळ्याच्या शाळेतल्या वासंतीबाई सकाळीच कामशेतला उतरून चालत आल्या.

"अंबूबाई, ह्या बांगड्या कुणी काढल्या?"

"मीच की. बाया म्हनल्या, आमचं हात शेनात हायेत, तूच काढ. इचारून काढल्यात हो."

वासंतीबाई ओट्यावर बसल्या. "चिंतामणी वकिलांनी कायद्याविरुद्ध अर्ज केलाय. त्यावरही ह्याच बेचाळीस बायका आहेत, बांगड्यांसकट. पहिलं नाव तुमचं."

"मी न्हाई दिली त्येला सही! आईशपत न्हाई!"

"ते मला पटतं. पण उद्या पुण्यात कायद्याच्या कमिटीपुढे दोन्ही कागद जातील, तेव्हा वाटोळ्यावरून काय ओळखायचं? मला अंगठे हवेत. संध्याकाळच्या गाडीपर्यंत."

अंबूबाईने तव्याची काजळी तेलात कालवली आणि शेजारी झुंबरबाईकडे गेली.

"बांगड्या काढ, शंभर काढ," झुंबरबाई म्हणाली. "अंगठा न्हाई. माज्या बानं धरणाच्या कागदावर उठवला, आन् घरदार पान्यात गेलं."

"तुला सवत हाय गं झुंबरे. तुला तरी ठावं हाय."

"म्हनून तर! बारा वर्सं दोगी येका चुलीवर हाओत. उद्या कायदा म्हनला, येकच ठेवा, तर कोन जायाचं भायेर? मीच ना?"

अंबूबाईने तिचे पाय धरले. झुंबरबाईने ते हळूच सोडवून घेतले, तिला प्यायला पाणी दिले आणि पुन्हा भाकरी थापायला बसली.

पुढच्या घरी सासूच आडवी आली. एकीने अंगठा मुठीत दडवला, जणू कोणी तो तोडूनच नेणार होते. कस्तुराबाई मात्र दारातच हसली.

"उगं हिंडतीस. तुजा धनी बाईंचं बोलनं आयकून मगाशीच गावभर सांगून गेलाय, जिच्या अंगठ्याला काळं दिसंल तिला घरात घेऊ नगा. ती काजळी काय लगीच निघतीया व्हय?"

तरी अंबूबाई बेचाळिसाव्या घरापर्यंत गेली.

कामशेतच्या फलाटावर तिने कागद पुढे केला तेव्हा गाडीचा सिग्नल पडला होता. वासंतीबाईंनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"एकच?"

"माजा."

"वकील हसतील."

"हसू द्या. पर बाई, त्येंचं हसून झालं, कमिटीचं इचारून झालं, मंग कायदा कवा व्हनार? वैशाखाच्या आत व्हईल का?"

वासंतीबाईंना खोटे बोलता येत नव्हते. मास्तरकीत तेवढे शिकायचे राहिले होते. त्यांनी कागदाची घडी घातली आणि नीट पिशवीत ठेवली.

"वर्षं लागतील, अंबूबाई."

"आन् ह्यो काळा अंगठा घिऊन मी आज कुटं जाऊ?"

गाडी येऊन थांबली. वासंतीबाईंनी डब्याचे दार उघडले आणि आत न चढता तशाच उभ्या राहिल्या. "चला," त्या म्हणाल्या, "तिकिटाचं पुढं बघू." अंबूबाईने मागे वळून एकदा गावाच्या वाटेकडे पाहिले. त्या वाटेवरून तिला न्यायला कोणीही येत नव्हते.

ती चढली.