टांगणीचे तीन दिवस

वजनकाट्यांच्या कारखान्यात खरेदी पाहणारी पुतणी काकांच्या स्प्रिंगा बनवायच्या शेडमध्ये आली, ती हातात कागद घेऊनच. मागणी आज वर तर उद्या खाली, तारेच्या भावाला तर धरबंधच उरला नव्हता. म्हणून साहेबांनी ठरवलं होतं, बदललेल्या मापाची स्प्रिंग आठ दिवसांत देईल त्यालाच काम.

"तुमचे किती दिवस लिहू, काका?"

"अकरा."

"आठ लिहू द्या ना."

काकांनी भिंतीकडे पाहिलं. स्प्रिंगा वळायला, भाजायला, तपासायला आठच दिवस लागत. पुढचे तीन दिवस मात्र त्या वजनं लावून भिंतीवरच्या खुंट्यांना टांगलेल्या असत. काय सैल पडायचं ते इथेच पडू दे, लोकांच्या काट्यात नको, असा त्यांचा नेम. पंचवीस वर्षांत जेवण चुकलं असेल, टांगणी चुकली नव्हती.

"बाकीचे कुणी टांगत नाहीत," ती हळूच म्हणाली. "तरी तपासणीत पास होतात."

"तपासणी पहिल्या दिवशी होते गं. स्प्रिंग सैल पडते ती वर्षभराने."

"काम गेलं तर दिवसभर करणार काय तुम्ही? काकूचं डोकं खाणार?"

"ते आत्ताही खातातच," काकू आतून म्हणाली.

काका हसले. पुतणीच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "लिही आठ. तुझा शब्द कधी मोडलाय मी?"

माल आठव्या दिवशी पोहोचला, पासही झाला. साहेबांनी कौतुक केलं. काही दिवसांनी पुढची ऑर्डर घेऊन ती लगबगीने शेडवर आली. खुंट्या रिकाम्या होत्या आणि काका तेल पुसून यंत्रावर कापड घालत होते.

"ही दुसऱ्या कुणाला दे, बाळ."

"अहो काका, एकही स्प्रिंग परत आली नाही."

"नसेल आली. पण त्या भिंतीकडे बघवत नाही मला."

"मी साहेबांशी बोलते. अकरा दिवस मागून घेते."

"तो तरी काय करील? बाजार त्याला थांबू देत नाही." मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "त्या मागच्या स्प्रिंगा परत मिळतील का गं? तीनच दिवस टांगतो."

तिने ऑर्डरच्या कागदाची घडी घातली.

"काट्यांत बसल्या, काका. काटे परवाच दुकानांत गेले."

काकांनी मान हलवली आणि कापडाची गाठ बांधायला घेतली. गाठ काही केल्या बसेना. शेवटी काकूने पुढे होऊन बांधली.